आधी वहीत लिही

पहाटे ५.४०

गच्चीची किल्ली वॉचमनकाकांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला असते. मागायला गेलं की ते विचारणारच, "आज कोण जातंय डोक्यावरून?" आज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. सहाच्या सुमारास वायव्येला उगवून आग्नेयेला मावळणार, मधली जेमतेम दहा मिनिटं आपली. एसईच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, दोन पोरांना हातातली यागी अँटेना धरायला शिकवायचंय. एक होकायंत्र बघून दिशा सांगतो, दुसरा अँटेना फिरवतो आणि मी लॅपटॉपवर आकडे बघते. स्थानकावर हौशी रेडिओवाल्यांसाठी १४५.८२५ मेगाहर्ट्झवर एक यंत्र बसवलंय. जमिनीवरून आलेला छोटा संदेश ते तसाच परत खाली पाठवतं. आम्ही नुसतं ऐकतो. पाठवायचं तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हवा आणि त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. आमच्या कॉलेजच्या उपग्रह टीममधल्या काहींनी ती दिलीय, पण ती मंडळी या वेळी झोपलेली असतात.

हा सराव कशासाठी, ते पोरांना गच्चीवरच कळतं. आमचा उपग्रह साधारण ५०० किलोमीटरवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं जाणार. जवळ येताना त्याची वारंवारता वर सरकते, लांब जाताना खाली. ४३५ मेगाहर्ट्झला हा फरक दोन्ही बाजूंना दहा किलोहर्ट्झच्या आसपास जातो. रिसीव्हर त्याच्याबरोबर सरकवत नेला नाही तर उपग्रह डोक्यावर असूनही कानात नुसती खरखर. डोक्यावरून जाण्याच्या सगळ्या खेपा (पास) धरून पुण्याच्या वाट्याला दिवसाचा अर्धा तास आला तरी खूप. तो अर्धा तास अँटेनाची वायर शोधण्यात घालवायचा नसतो.

आज तीन संदेश स्वच्छ मिळाले. पोरानं वहीत लिहिलं, "सिग्नल चांगला होता." चांगला म्हणजे किती? अँटेना किती अंशांवर होती? ढग होते का, केबल कुठली लावली होती? त्यानं तोंड वाकडं केलं आणि परत लिहायला बसला. मलाही असंच बसवलं होतं.

सकाळी ८.३०

पोहे, चहा आणि नव्या पोरांचा ठरलेला प्रश्न, "ताई, आपला सॅटेलाइट कधी उडणार?"

"तू पास होऊन गेल्यावर."

त्याला वाटलं मी टोमणा मारला. पण हिशेबच तसा आहे. आमचं कॉलेज सीओईपी नव्हे, मात्र पुण्यात विद्यार्थ्यांचा उपग्रह म्हटला की दाखला तिथल्या 'स्वयम्'चाच. त्या कामाला सुरुवात २००८ मध्ये झाली. उड्डाणाचा नग जुळून तयार झाला जानेवारी २०१५ मध्ये, आणि पीएसएलव्ही-सी३४ मधून तो वर गेला २२ जून २०१६ ला. मुंबईच्या आयआयटीचा 'प्रथम' तर २००७ पासून चालला होता, तो २६ सप्टेंबर २०१६ ला गेला. पदवी चार वर्षांची आणि उपग्रह आठ-नऊ वर्षांचा. ज्यांनी पहिली रेघ मारली ते उड्डाणाच्या दिवशी कुठल्यातरी ऑफिसात मोबाईलवर थेट प्रक्षेपण बघत असणार, आणि ज्यांनी शेवटचा स्क्रू आवळला ते सुरुवातीला शाळेत असणार. बेंगळुरू-हैदराबादच्या कॉलेजांनी मिळून केलेला 'स्टुडसॅट' १२ जुलै २०१० ला गेला, तो त्या मानानं झटपट म्हणायचा.

'स्वयम्'चं वजन ९९० ग्रॅम, आकार दहा सेंटिमीटरचा घन. या मापाला जगभर क्यूबसॅट म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या दोन प्राध्यापकांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी म्हणून ते ठरवलं, आता त्यावर मोठमोठ्या कंपन्या धंदा करतात. 'स्वयम्'मधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याला दिशा देणारी यंत्रणा वीज खातच नाही. आत एक कायमचं चुंबक. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतं, आणि मऊ चुंबकीय धातूच्या काही कांड्या त्याचं डोलणं हळूहळू शमवतात. मोटर नाही, इंधन नाही, प्रोग्राम नाही. क्षेत्राच्या रेषा ध्रुवांवर उभ्या आणि विषुववृत्तावर आडव्या, त्यामुळे पृथ्वीच्या एका फेरीत उपग्रह स्वतःभोवती दोनदा वळतो. आम्हीही तोच मार्ग धरलाय. कोणी याला जुनाट म्हणालं तर मी सोलर पॅनलचे आकडे पुढे करते.

सकाळी ९.३०

दोन लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल. ७५ टक्के हजेरी नसली तर परीक्षेला बसता येत नाही आणि उपग्रहाचं निमित्त कोणी ऐकून घेत नाही. घेऊही नये.

सकाळी ११.४५

लॅब. चपला बाहेर, अंगात एप्रन, केस टोपीत, मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही आणि तेवढ्यात चिप मरते. लगेच मेली तर नशीब म्हणायचं. अर्धवट जखमी होऊन चार महिन्यांनी मेली की शोधत बसा.

माझ्याकडे वीजपुरवठ्याचं खातं आहे. सूर्याकडून पृथ्वीजवळच्या अंतराळात दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट मिळतात, म्हणजे आमच्या तळहाताएवढ्या एका बाजूवर साडेतेरा. त्यातला तीस टक्क्यांच्या आतबाहेरचा भागच सेल विजेत बदलतात, आणि पूर्ण बाजू सेलनं भरताही येत नाही. शिवाय ९५ मिनिटांच्या फेरीतली साधारण ३५ मिनिटं पृथ्वीच्या सावलीत जातात. सगळी वजाबाकी केली की हातात सरासरी दीड-दोन वॅट उरतात. मोबाईलचा साधा चार्जर याहून जास्त देतो. एक वॅट हवेत सोडणारा ट्रान्समीटर स्वतः तीनेक वॅट खातो. म्हणून आमचा उपग्रह बहुतेक वेळ गप्प राहील, ठरावीक वेळानं बीकनचा एखादा ठिपका-रेघ सोडेल आणि पुणं खाली आलं की मगच बोलेल. कम्युनिकेशनवाले दर आठवड्याला माझ्याकडे आणखी अर्धा वॅट मागतात. त्यांना मी माझी एक्सेलशीट दाखवते. भांडण तिथंच संपतं, असं नाही. पण निदान आकड्यांवर येतं.

आजचं काम बॅटरीच्या जोड्या लावण्याचं. लिथियम-आयनचे दोन सेल एकत्र काम करणार, तर दोघांची क्षमता आणि अंतर्गत रोध शक्य तितका सारखा हवा. नाहीतर एक आधी भरतो, दुसरा आधी रिकामा होतो आणि दोघंही लवकर जातात. दिवसाला पंधरा फेऱ्या, म्हणजे वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास वेळा भरणं-उतरणं. एवढा मारा सोसायचा तर दर वेळी क्षमतेचा थोडाच भाग वापरायचा. थंडीचा प्रश्न निराळा. शून्य अंशाखाली चार्ज केला तर आत शुद्ध लिथियमचा थर धरतो आणि सेल कायमचा बिघडतो. म्हणून आत छोटा हीटर ठेवायचा, आणि हीटरला वीज कुठून द्यायची, तर त्याच दीड-दोन वॅटांतून. या खात्यात कुठलीही गोष्ट एकटी सुटत नाही.

प्रत्येक सेलला क्रमांक चिकटवलेला आहे. मोजायचं, वहीत लिहायचं, दुसऱ्यानं परत मोजायचं आणि सही करायची. एका जागी बसून हे तासन्‌तास चालतं. उपग्रह बनवतो म्हटल्यावर नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर जे काही येतं, त्यात हे नसतं.

दुपारी १.३०

मेसचा डबा. वांग्याची भाजी. पुढे.

दुपारी २.००

ज्याची सगळे वाट बघतात ती चाचणी. ४३५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची अँटेना सतरा सेंटिमीटरची होते आणि उपग्रह आहे दहाचा. म्हणजे जाताना ती अंगाला गुंडाळून बांधायची आणि वर गेल्यावर उघडायची. जगभरच्या अनेक विद्यार्थी टीमप्रमाणे आम्हीही सुताराच्या मेजर टेपची स्टीलची पट्टी कापून घेतलीय. ती वाकते आणि सोडली की ताठ होते, दुसरं काही लागत नाही. पट्टी नायलॉनच्या दोऱ्यानं बांधायची. दोऱ्याला टेकून नायक्रोमची बारीक तार. तारेतून वीज सोडली की ती तापते, दोरा वितळून तुटतो, पट्टी फटकन उघडते. यानातून सुटल्यावर निदान अर्धा तास काहीही उघडायचं नाही असा नियम आहे, कारण शेजारी इतरही उपग्रह असतात.

टेबलावर दर वेळी दोरा तुटतो. पोरं टाळ्या वाजवतात. माझा त्या टाळ्यांवर फारसा विश्वास नाही. टेबलावर हवा आहे. वर हवा नाही, त्यामुळे तारेची उष्णता हवेत जाणार नाही आणि ती जास्तच तापेल, ही जमेची बाजू. पण हवा नसल्यामुळेच दोरा तारेपासून केसभर जरी सुटला तरी त्याच्यापर्यंत उष्णता नेणारं फार काही उरत नाही. तेव्हा खरा प्रश्न तारेचा नसून दोऱ्याच्या ताणाचा आहे. नायलॉन दिवसेंदिवस बांधून ठेवला की सैलावतो. 'स्वयम्' तयार झाल्यापासून उडेपर्यंत सतरा महिने गेले. आमचा नग किती दिवस कपाटात बसेल हे आमच्या हातात नाही.

म्हणून मेकॅनिकलच्या पोरीनं गेल्या सत्रापासून काही नमुने बांधून कपाटात ठेवलेत, प्रत्येकावर बांधल्याची तारीख. आज त्यातला सर्वांत जुना काढला. आधी फ्रीजरमध्ये गार केला, मग वीज दिली. एक सेकंद, दोन, तीन. काहीच नाही. कोणीतरी म्हणालं, बंद कर. ती म्हणाली, थांबा. पाचव्या सेकंदाला पट्टी उघडली. नवा दोरा दोन-तीन सेकंदांत तुटतो.

कोणी टाळी वाजवली नाही. आजच्या दिवसातली सर्वांत कामाची माहिती मात्र हीच. आता तार दोऱ्याला स्प्रिंगनं दाबून धरता येईल का बघायचं, आणि एकाऐवजी दोन तारा लावायच्या. तिनं फोटो काढला, आकडे लिहिले आणि पुढचा नमुना बांधायला घेतला. तो उघडेल तेव्हा ती कॉलेजात नसेल.

दुपारी ४.३०

भोसरी एमआयडीसी. स्कूटरवरून सांगाडा बघायला. दोन खोल्यांचं वर्कशॉप, एक व्हीएमसी मशीन आणि काका. काका गाड्यांचे सुटे भाग करतात, आमचं काम फावल्या वेळात.

"या मॅडम, तुमचा डबा झालाय."

डबाच तो, अ‍ॅल्युमिनियमचा. चार कोपऱ्यांना चार रूळ, आणि यानातल्या पेटीत उपग्रह या रुळांवरूनच सरकतो. रूळ निदान साडेआठ मिलिमीटर रुंद हवा, माप एक दशांश मिलिमीटरच्या आत हवं, कडा गोलसर हव्यात. रुळांवर हार्ड अ‍ॅनोडायझिंग करावं लागतं. निर्वात जागेत धातूला धातू घासला तर तो तसाच चिकटून बसू शकतो, आणि पेटीतच अडकलेला उपग्रह आपल्याबरोबर शेजाऱ्यांनाही अडकवतो.

काकांनी ड्रॉइंग पुढे ओढलं. "हे माप अ‍ॅनोडायझिंगच्या आधीचं की नंतरचं?"

ड्रॉइंगवर ते लिहिलेलं नव्हतं. मेकॅनिकलचा पोरगा गडबडला.

"लेका, थर पन्नास मायक्रॉनचा दिला तर त्यातला निम्मा आत जातो, निम्मा बाहेर वाढतो. दोन्ही बाजूंनी धरलं तर पन्नास मायक्रॉन वाढले. मी आता बरोब्बर शंभरला कापून दिला तर तुझा डबा त्या पेटीत जाईल का?"

"टॉलरन्समध्ये बसेल, काका."

"बसेल. पण टॉलरन्स मशीनला लागतो. तो सगळा रंगाऱ्यानं खाल्ला तर मी काय करू?"

हे कुठल्याही पुस्तकात असेलच, पण आम्हाला ते भोसरीत कळलं. नवं माप ड्रॉइंगवर लाल पेननं घातलं, आधीचं की नंतरचं तेही लिहिलं, दोघांनी सही केली. काकांनी पैसे मटेरियलचेच घेतले. वर विचारलं, "यावर आमचं नाव टाकता येतं का हो?" बाहेरून काही चिकटवता येत नाही, पण आतल्या बाजूला कोरता येईल. वजनाच्या तक्त्यात काकांचं नाव शून्य ग्रॅम म्हणून लागेल. धातू कमीच होणार ना.

संध्याकाळी ७.१५

रिव्ह्यू. लॅबमध्ये आम्ही आणि सर, पडद्यावर पास झालेले सीनियर. एक बेंगळुरूत, एक जर्मनीत, तिकडे अजून दुपार. सर कमी बोलतात. त्यांचा एकच प्रश्न असतो, "हे कुठे लिहिलंय?" आणि त्यानं भल्याभल्यांची प्रेझेंटेशनं कोसळतात.

आज विषय एका रेझिस्टरचा. मुख्य बोर्डावर एका ठिकाणी ४७ किलोओहमचा रेझिस्टर आहे. आमच्या गणितानं तिथं १० हवा. तीन बॅचपूर्वीच्या सर्किटमध्ये ४७, त्यानंतरच्या प्रत्येक सर्किटमध्ये ४७, कारण कुठेच नाही. १० लावला तरी बोर्ड चालतो. मग ४७ का? त्यांना आम्हाला न दिसणारं काही दिसलं होतं का? गळती? तापमान? या एका रेझिस्टरपायी दोन पोरांनी सिम्युलेशन केली, डेटाशीट चाळल्या, आणि कोणालाच तो बदलायचा धीर होईना.

पडद्यावरचा दादा बोर्डाचा फोटो मोठा करून बघत राहिला. मग हसायला लागला.

"अरे, त्या दिवशी तापकीर गल्लीत दहाचे संपले होते. खिशात सत्तेचाळीसचा होता, तो लावला. नंतर बदलायचा होता."

तापकीर गल्ली म्हणजे बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. प्रोटोटाइपचं सामान आम्ही अजून तिथूनच आणतो. उड्डाणाचे भाग मात्र कागदपत्रांसह मागवावे लागतात.

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण राग जास्त आला. दादावर नव्हे, तो बिचारा तेव्हा तिसऱ्या वर्षाला होता, दुसऱ्या दिवशी पेपर असेल. राग याचा, की तेव्हा अर्धी ओळ लिहिली असती तर दोन पोरांचे इतके दिवस वाचले असते. माझं मत स्पष्ट आहे: विद्यार्थ्यांचे उपग्रह पैशांअभावी अडतात, परवानग्यांसाठी अडतात हे खरं, पण ते सर्वांत जास्त अडतात दर जूनमध्ये. एक बॅच निघते आणि डोक्यातलं सगळं सोबत घेऊन जाते. अवकाशातल्या किरणोत्सर्गाशी लढायला उपाय आहेत, कॅम्पस प्लेसमेंटशी लढायला एकच उपाय आहे, वही.

सरांनी वही पुढे सरकवली. दादानं पडद्यावरून सांगितलं, आम्ही लिहिलं: "४७ किलोओहम, कारण दुकानात १० नव्हता. बदलावा." तारीख घातली आणि खाली त्याचं नाव.

रात्री ९.४५

सॉफ्टवेअरवाले आता खरे जागे होतात. वर गेल्यावर एखादा कण मेमरीतून आरपार गेला की शून्याचा एक होऊ शकतो. म्हणून महत्त्वाचे आकडे तीन ठिकाणी ठेवायचे आणि दोघांचं जुळेल ते खरं मानायचं. प्रोग्राम अडकलाच तर वॉचडॉग आहे: ठरल्या वेळात कोणी हजेरी दिली नाही की तो सगळं बंद करून पुन्हा सुरू करतो. आज ते मुद्दाम प्रोग्राम अडकवून बघतायत. त्यांच्या ओरडण्यावरून दिसतंय, चाललंय बरं.

मी सेलचे आकडे संगणकात चढवते. वहीतला आणि संगणकातला एक आकडा जुळत नाही. परत मोजला, संगणकातला चुकीचा निघाला.

रात्री ११.१०

हॉस्टेलचं गेट साडेअकराला बंद होतं, म्हणून ही शेवटची सूचना घाईत लिहून नोटीस बोर्डावर लावतेय. एसईच्या मुलामुलींसाठी: टीमच्या मुलाखती शनिवारी दुपारी. सोल्डरिंग येत नसलं तरी चालेल, शिकवू. सीजीपीए विचारणार नाही. येताना हातानं लिहिलेलं एक पान आणा: घरातली कुठलीही एक वस्तू, टॉर्च म्हणा, मिक्सरचं भांडं म्हणा, पूर्ण उघडून परत कशी जुळवायची ते. वस्तूही सोबत आणा. तुमचं पान आम्ही दुसऱ्याच कोणाच्या हातात देणार आणि त्याला ती वस्तू जुळवायला लावणार. तुम्ही तेव्हा खोलीबाहेर असाल. त्याला जुळवता आली तर तुम्ही टीममध्ये.